टॉवेल कोणाच्या हाती?

‘मी ३७ वर्षांचा आहे, पुण्यात खडकीला राहतो. आधी हौशी आणि नंतर नऊ वर्षे व्यावसायिक बॉक्सिंग केले. हौशी असताना राज्य स्पर्धेत दोन सुवर्णपदके आणि राष्ट्रीय स्पर्धेत एक कांस्य मिळाले. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागण्याआधीच मी व्यावसायिक झालो. एकूण १९ लढती, ११ विजय. चौदा महिन्यांपूर्वी बँकॉकला सहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि परतल्यावर डॉक्टरांनी “आता पुरे” असे सांगितले. तेव्हापासून माझे वजन ६६ किलोवरून ८३ किलोवर गेले आहे. पहाटे साडेचारला जाग येते आणि मग काय करायचे ते कळत नाही. एका जिममध्ये आयटीतल्या लोकांना पॅडवर ठोसे मारायला शिकवतो. बोलताना मधेच शब्द सापडत नाही, गाडीची चावी कुठे ठेवली ते आठवत नाही. घरात आवाज चढतो. सहा वर्षांची मुलगी मी आलो की आईजवळ जाते. आता एका आयोजकाने “प्रदर्शनीय” लढतीसाठी दीड लाख रुपये देऊ केले आहेत, समोरचा मुलगा २६ वर्षांचा आहे. धाकटा भाऊ म्हणतो घे. बायको काहीच म्हणत नाही. ही लढत घेऊ का? आणि नाही घेतली, तर मी आता नक्की कोण आहे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत असे तुम्ही समजता. मला तीन दिसले. लढत घ्यावी का, हा पहिला, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कारणे पुढे ओघाने येतील. लढत सोडल्यावर तुम्ही कोण उरता, हा दुसरा, आणि तो अवघड आहे. तिसरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, दोन वाक्यांच्या मध्ये नुसता ठेवून दिलात: शब्द सापडत नाहीत, चावी कुठे ठेवली ते आठवत नाही. बॉक्सर आपली दुखापत सांगतो तो अशीच, जाता जाता, दुसऱ्याच गोष्टीविषयी बोलत असताना.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांत मी एकवीस वर्षे रिंगमध्ये पंच म्हणून उभा राहिलो. (हल्ली पोरे ठोशालाही ‘पंच’च म्हणतात, त्यामुळे मार आणि मार थांबवणारा माणूस हे दोघे आपल्या भाषेत एकाच शब्दात नांदतात.) त्या वर्षांत एक लढत मी दहाबारा सेकंद उशिरा थांबवली. मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेला, त्याला काही झाले नाही. पण ते दहाबारा सेकंद अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत. रिंगमध्ये उतरलेल्या माणसाकडून थांबण्याचा निर्णय अपेक्षितच नसतो, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. त्याला वर्षानुवर्षे घडवलेलेच असे असते की ‘बरा आहेस ना?’ असे विचारल्यावर तो मान हलवून ‘हो’ म्हणेल. म्हणून तर पंच असतो, रिंगजवळ डॉक्टर असतो, कोपऱ्यात टॉवेल घेतलेला प्रशिक्षक असतो, तो टॉवेल रिंगमध्ये फेकला की लढत सोडली असा अर्थ. पुढे कधी जायचे ते बॉक्सरने ठरवायचे आणि थांबायचे कधी ते दुसऱ्याने, अशी या खेळाची वाटणी आहे. निवृत्तीनंतर बॉक्सरचे जे हाल होतात त्यांचे मूळ लोक संपलेल्या पैशात आणि ओसरलेल्या टाळ्यांत शोधतात. मला ते या वाटणीत दिसते. रिंग सुटते त्या दिवशी थांबवणारी सगळी माणसे एकदम निघून जातात, आणि ज्याने थांबायचे कधी शिकलेलेच नाही असा माणूस एकटा उरतो.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला शहराजवळ महंमद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत झाली. चौदाव्या फेरीअखेर फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला होता आणि डाव्या डोळ्याने त्याला आधीपासूनच फारसे दिसत नव्हते. पंधरावी, म्हणजे शेवटची, फेरी बाकी असताना त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत सोडली. फ्रेझर उठू पाहत होता. फच यांनी त्याला खाली बसवले आणि आज तू इथे जे केलेस ते कोणी विसरणार नाही, अशा अर्थाचे शब्द ते बोलले. हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. याच फच यांची दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि तुमच्या कामाची तीच आहे. पुढच्या दशकात त्यांच्याकडे फ्रेडी रोच नावाचा हलक्या वजनाचा बॉक्सर होता. त्याच्या हालचालींत बिघाड दिसू लागल्यावर फच यांनी त्याला निवृत्त व्हायला सांगितले. रोचने ऐकले नाही. तो आपल्या वडिलांना कोपऱ्यात घेऊन आणखी काही लढती लढला, त्यांतल्या बहुतेक हरला आणि १९८६ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी थांबला. त्यानंतर काही काळ त्याने फोनवरून वस्तू विकण्यासारखी कामे केली. मग तो फच यांच्याचकडे परत गेला आणि सुरुवातीला बिनपगारी मदतनीस म्हणून राबला. १९९५ मध्ये त्याने हॉलिवूडमध्ये स्वतःची व्यायामशाळा काढली आणि फिलिपिन्सचा जगज्जेता मॅनी पॅकियाओ याचा प्रशिक्षक म्हणून जगभर नाव मिळवले. तोवर त्याला पार्किन्सन्सचा (कंपवाताचा) आजार जडलेला होता. ही यशाची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही, पण मला त्यात सल्ला मिळाल्यानंतर लढलेल्या त्या लढती दिसतात. तुम्हालाही सल्ला मिळून चौदा महिने झाले आहेत. रोचसारख्या लढती तुम्ही अजून लढलेल्या नाहीत, एवढी जमेची बाजू आज तुमच्या हातात आहे.

अलीचे उदाहरण देणे मी टाळणार होतो, कारण ते सगळेच देतात; पण तुमच्या ‘प्रदर्शनीय’ या शब्दामुळे ते द्यावे लागते. १९७९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. १९८० च्या जानेवारीत तो भारतात आला आणि दिल्लीला त्याने आपल्या लष्करातल्या कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत खेळली. त्या दौऱ्यात लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. तेवढ्यावर तो थांबला असता तर किती बरे झाले असते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो लास व्हेगासमध्ये लॅरी होम्ससमोर उभा राहिला. होम्स हा एकेकाळचा त्याचा सरावातला जोडीदार होता. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको तीन वर्षांपूर्वीच त्याला आणि त्याच्या माणसांना धोक्याची पत्रे लिहून, उत्तर न आल्याने, बाजूला झाले होते. दहा फेऱ्या अलीने नुसता मार खाल्ला. मग प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली, तेव्हाही त्याच कोपऱ्यातला बंदिनी ब्राउन आणखी एक फेरी द्या म्हणून डंडींना धरून होता. प्रत्येक कोपऱ्यात एक डंडी असतो आणि एक बंदिनी असतो. बंदिनी वाईट माणूस नव्हता, त्याचे अलीवर प्रेम होते. तुमचा भाऊही वाईट नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये बहामाच्या नासाऊ शहरात अली ट्रेव्हर बर्बिककडून गुणांवर हरला, आणि १९८४ मध्ये त्याच्याही पार्किन्सन्सच्या आजाराचे निदान झाले. त्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांनी पुष्कळ वाद घातला आहे. दहाव्या फेरीनंतर थांबवले ते योग्य झाले का, यावर मात्र कोणी वाद घालत नाही.

तुम्ही जॉर्ज फोरमनचे नाव घ्याल, सगळेच घेतात. १९७७ मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआनला हरल्यावर तो बॉक्सिंग सोडून ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला, मुलांसाठी केंद्र काढले, त्या केंद्राच्या खर्चासाठी १९८७ मध्ये रिंगमध्ये परतला आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ व्या वर्षी मायकेल मूररला पाडून जगज्जेता झाला. हे सगळे खरे आहे. पण मधली दहा वर्षे त्याने एकही ठोसा खाल्ला नव्हता, आणि त्याला मोठी संपत्ती मिळाली ती मुख्यतः मांस भाजायच्या एका विजेच्या यंत्राला आपले नाव दिल्यामुळे. त्या नावाच्या हक्कांचे १९९९ मध्ये १३ कोटी ७५ लाख डॉलर आले. जो अपवाद साऱ्या जगाला तोंडपाठ असतो, तो अपवादच असतो.

आता तुमच्या आठवणीकडे येतो. डोक्याला वारंवार बसलेल्या माराने येणारा आजार वैद्यकाला नवा नाही. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी बॉक्सरांमधल्या या लक्षणांवर लिहिले. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट्स यांनी १९२९ ते १९५५ या काळात परवाना घेतलेल्या व्यावसायिक बॉक्सरांतून यदृच्छेने निवडलेल्या २२४ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या १७ टक्क्यांच्या मज्जासंस्थेत इजेच्या खुणा होत्या, आणि ज्यांची कारकीर्द लांबली त्यांच्यात प्रमाण जास्त होते. त्या काळी लोक आजच्यापेक्षा फार जास्त लढती लढत, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावून घेऊ नका. हा आजार जिवंतपणी खात्रीने सांगता येत नाही, मेंदूची तपासणी मृत्यूनंतरच होते. त्यामुळे बँकॉकहून आल्यावर काढलेला स्कॅन ‘नॉर्मल’ होता असे कोणी तुम्हाला सांगितले असेल, तर त्याचा अर्थ त्या दिवशी रक्तस्राव नव्हता एवढाच घ्यावा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि घाबरलेला माणूस ती ऐकत नाही. १७ किलो वाढलेला माणूस घोरतो, घोरणाऱ्याची झोप रात्री पुन्हा पुन्हा मोडते, आणि झोप मोडलेल्या माणसाला शब्द आठवत नाहीत. खचलेले मन, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तदाब, दारू, यांपैकी कशानेही हेच होते, आणि यांतल्या प्रत्येकावर उपाय आहे. तेव्हा या महिन्यात न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. एकोणीस लढतींची यादी लिहून न्या: कोणत्या लढतीत पडलात, कोणत्या वेळी शुद्ध हरपली, आणि सरावात आठवड्याला साधारण किती फेऱ्या स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, होत असे. हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण प्रेक्षक लढती मोजतात आणि मेंदू सगळेच ठोसे मोजतो. स्मरणाची रीतसर चाचणी करून मागा, म्हणजे दोन वर्षांनी तुलना करायला काही हाताशी राहील. आणि पत्नीला बरोबर न्या. डॉक्टरांनी ‘चिडचिड होते का?’ असे विचारले की तुम्ही मान हलवून ‘नाही’ म्हणणार, ते मला इथे बसून दिसते आहे.

जिममध्येही स्पारिंग बंद. पॅड धरायला हरकत नाही. पण एखादा तरुण पोरगा ‘सर, एक हलकी फेरी’ म्हणेल, आणि जिममध्ये हलकी फेरी अशी चीज नसते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

पहाटे साडेचारला जाग येण्याविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मी ते तीनदा वाचले. बॉक्सरचे वर्ष तारखांवर टांगलेले असते. लढतीची तारीख ठरली की आठ आठवड्यांचा सराव ठरतो, सराव ठरला की जेवण, झोप, पाणी, बायकोशी बोलणेसुद्धा ठरते. वजनाच्या दिवशी काटा खरे सांगतो, दुसऱ्या दिवशी पंच निकाल सांगतो, मग दोन आठवडे सुटी आणि पुन्हा नवी तारीख. तुमच्या शरीराला अजून त्या तारखेची सवय आहे, म्हणून ते साडेचारला उठते आणि काय करायचे ते विचारते. झोपेची गोळी घेऊन त्याला गप्प करण्याऐवजी त्याला एक तारीख द्या, असे माझे मत आहे. मात्र ती लढतीची नसावी.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो आणि त्यापुढे पदविकाही. २०२४ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने निवृत्त खेळाडूंसाठी ‘रिसेट’ नावाची योजना सुरू केली, वयाची अट २० ते ५० आहे आणि ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेकडे तिचे काम आहे. तिथे तुमची हौशी काळातली पदके उपयोगी पडावीत. त्यांची प्रमाणपत्रे शोधून ठेवा, कारण सरकारी अर्जात व्यावसायिक लढतींना फारशी किंमत नसते. त्याखेरीज तुमच्या जिल्ह्याच्या संघटनेत पंच आणि गुणलेखकांची परीक्षा केव्हा होते त्याची चौकशी करा. मी स्वतः पंच होतो म्हणून हे सुचवतो असे तुम्हाला वाटेल, आणि त्यात तथ्य आहे. पण ज्याने स्वतः मार खाल्लेला आहे त्याला समोरच्याचे गुडघे कधी सुटतात ते इतरांच्या एक सेकंद आधी दिसते. रिंगमध्ये उभे राहायचे, हातमोजे नसताना, आणि थांबवायचे: हे काम तुम्हाला आवडेल की नाही हे मी सांगू शकत नाही, जमेल असे मात्र वाटते.

आता ‘मी कोण?’ हा प्रश्न. आपल्याकडे पैलवान निवृत्त होत नाही. कोल्हापुरात साठी उलटलेला माणूस तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसतो, पोरे वाकून नमस्कार करतात, गावात त्याला मरेपर्यंत ‘पैलवान’ म्हणूनच हाक मारतात, आणि कुस्ती सुटल्यावर तो वस्ताद होतो. लाल मातीत पुढच्या पायरीला नाव आहे, जागा आहे, मान आहे. (खुराक तेवढा कमी होत नाही, म्हणून पोट सुटते, पण ती वेगळी तक्रार.) आपल्या व्यावसायिक बॉक्सिंगकडे अशी पायरी नाही. तुमच्या जिममध्ये कोणी तुम्हाला वस्ताद म्हणत नाही, ‘ट्रेनर’ म्हणतात आणि तासाचे पैसे देतात. तुम्हाला जे रिकामेपण वाटते त्याचा अर्धा भाग हा आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. हे जाणवण्यासाठी फार अपयशी असावे लागते असेही नाही. मार्व्हिन हॅगलर हा मध्यम वजनातला मोठा बॉक्सर ६ एप्रिल १९८७ रोजी शुगर रे लिओनार्डकडून वादग्रस्त निकालाने हरला, वर्षभर पुन्हा लढायची वाट पाहत राहिला, १९८८ मध्ये निवृत्त झाला आणि सरळ इटलीत मिलानला जाऊन राहिला. तिथे चित्रपटांत कामे केली आणि पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही. जिथे रोज कोणीतरी ‘परत कधी लढणार?’ असे विचारते ते गाव त्याने सोडले, यात मला मोठे शहाणपण दिसते. तुम्हाला मिलानला जायला नको. पण जिथे तुमची ओळख फक्त त्या एकोणीस लढतींवर उभी आहे अशा मंडळींत आठवड्यातले किती तास जातात, ते मोजून पाहा.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात ते बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि बॉक्सिंग एका दिवसात संपले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. पदकाचा भाग मला इथे सांगायचा नाही, तो सत्कारांच्या भाषणांत पुरेसा येतो. मला त्यांचे आधीचे दिवस महत्त्वाचे वाटतात, जेव्हा ते नुसते डॉक्टरांनी सांगितले म्हणून रोज पाण्यात उतरत होते. तुम्हीही आधी पोहायला लागा. पुढचे सहा महिने पोहणे आणि चालणे, एवढाच व्यायाम पुरे. वजन उतरवायची तुमची जुनी पद्धत, पाणी तोडून आणि घामाचा सूट घालून आठवड्यात पाच किलो, ती आता विसरायची. ती काट्यापुरती होती. महिन्याला दीडदोन किलो उतरले तरी चालेल. लढणाऱ्याचे जेवण आणि जिम शिकवणाऱ्याचे काम, एवढाच या १७ किलोंचा हिशेब आहे.

पैशाविषयी तुम्ही फार लिहिले नाही, म्हणून मीही थोडक्यात लिहितो, पण एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. जो लुई १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता होता. १९४२ मध्ये दोन लढतींचे मानधन त्याने नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिले, आणि तरीही आयकर खात्याची थकबाकी त्याच्या मागे लागली. ती फेडण्यासाठी तो निवृत्तीतून परतला आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, ३७ व्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. ३७ हा आकडा तुमच्या ध्यानात आला असेल. पुढे तो कुस्त्या खेळला आणि शेवटी लास व्हेगासच्या एका कॅसिनोत येणाऱ्याजाणाऱ्याचे स्वागत करण्याच्या नोकरीवर राहिला. ज्या जर्मन माक्स श्मेलिंगला त्याने १९३८ मध्ये पहिल्याच फेरीत आडवा केला होता, तोही युद्धानंतर कफल्लक झाला होता आणि पैशासाठी चाळिशीत पाच लढती लढला होता. पण न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगावरचे एक जुने परिचित आता कोका-कोला कंपनीत होते. त्यांच्यामुळे श्मेलिंगला हॅम्बुर्गमध्ये त्या पेयाचा व्यवसाय मिळाला आणि तो संपन्न होऊन ९९ व्या वर्षी, २००५ मध्ये, गेला. लुईला त्याने वेळोवेळी पैसे दिले आणि १९८१ मध्ये त्याच्या अंत्यविधीच्या खर्चातही हात लावला. दोघांत शहाणा कोण होता, हे मी सांगणार नाही. लुई भाबडा होता इतकेच. मला फरक दिसतो तो एवढाच की श्मेलिंगला योग्य वेळी एक दार उघडून देणारा माणूस भेटला, आणि लुईच्या भोवती त्याच्या पुढच्या लढतीवर जगणारी माणसे होती. या खेळात निवृत्तिवेतन जवळजवळ कुठेच नाही. अमेरिकेतसुद्धा एकट्या कॅलिफोर्निया राज्याने १९८२ मध्ये बॉक्सरांसाठी निधी उभा केला आणि तो पन्नाशीनंतर मिळतो. तेव्हा तुमची जी काही शिल्लक आहे ती दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात ठेवा, आणि भावाने किंवा मित्राने भागीदारीत जिम काढायची टूम काढली तर वर्षभर उत्तर देऊ नका.

दीड लाखाचे गणितही करून पाहा. ८३ किलोवरून लढण्याजोगे व्हायला तीन महिने सराव, त्यात जिमचे तास बुडणार, डॉक्टरी तपासणीचा खर्च, कर. आणि समोरच्या २६ वर्षांच्या मुलाला ‘प्रदर्शनीय’ या शब्दाचा अर्थ कोणी समजावला आहे का? त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे व्हिडिओत पाडून दाखवायचे एक नाव आहात. आयोजकाला विचारा की रिंगजवळ डॉक्टर कोण असेल, रुग्णवाहिका उभी असेल का, विमा कोणाच्या नावाने आहे. उत्तरे ऐकल्यावर तुमचे तुम्हालाच कळेल.

मनाविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. इंग्लंडचा बॉक्सर फ्रँक ब्रुनो याला निवृत्तीनंतर काही वर्षांनी, २००३ मध्ये, मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे तो त्याविषयी उघडपणे बोलला आणि इतरांसाठी संस्थाही काढली. मँचेस्टरचा रिकी हॅटन नैराश्य आणि दारू यांविषयी वर्षानुवर्षे मोकळेपणाने सांगत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४६ व्या वर्षी गेला. ही माणसे तुमच्या माझ्यापेक्षा कणखर होती. जगावेसे वाटत नाही असा विचार एकदाही मनात आला असेल, तर माझ्या उत्तराची किंवा न्यूरॉलॉजिस्टच्या तारखेची वाट पाहू नका. १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते, आणि नंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाता येते.

शेवटी तुमची पत्नी. ती काहीच म्हणत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. नऊ वर्षे बॉक्सरची बायको असलेल्या बाईला लढतीच्या आधी बोलायची सोयच नसते. बोलले तर ‘मन विचलित होते’, न बोलले तर ‘तिला काही वाटत नाही’. तिचे गप्प राहणे ही होकाराची खूण समजू नका. आज रात्री मुलगी झोपल्यावर तिला सांगा की इथून पुढे टॉवेल तुझ्या हातात. लढत, स्पारिंग, पैसे आणि डॉक्टर या चार बाबतींत ती ‘थांब’ म्हणाली की थांबायचे, त्यावर वाद नाही, जसा पंचाशी रिंगमध्ये घालत नाही तसा. आवाज चढू लागला की तिने एक ठरलेला शब्द उच्चारावा आणि तुम्ही बाहेर चक्कर मारून यावे. मुलीला मात्र काही समजावून सांगायला जाऊ नका. ती सहा वर्षांची आहे. तिला तुमचा आवाज कळतो, कारणे कळत नाहीत. पहाटे साडेचारचे तुमचे पोहणे झाले की तिला शाळेत तुम्हीच सोडा, दोन महिने, रोज. रस्त्यात ती बोलली नाही तरी चालेल.

आयोजकाला उद्याच फोन करून नाही म्हणा आणि कारण सांगू नका, कारण दिले की तो रक्कम वाढवेल. भावाला सांगायचे काम पत्नीवर टाकू नका, ते तुमचे आहे. आणि न्यूरॉलॉजिस्टचे कागद आले की त्यांची एक प्रत तिच्या कपाटातल्या फाइलमध्ये राहू द्या. तुमच्या जिमच्या बॅगेत ती हातमोज्यांच्या खाली गेली तर दोघांनाही सापडायची नाही.